तुकोबांच्या वाट्याचे कागद



आज गाथेतला तो अभंग वाचला, ज्यात तुकोबा स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगतात. आपल्या डोळ्यांसमोर तुकोबा येतात ते वीणा घेतलेले. पण ते आधी दुकानदार होते, हे आपण विसरतोच. आपल्यातले कितीतरी जण नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या विचारात आहेत, आणि विचार पक्के ठेवा, पैसा आपोआप येईल, हे रील्सवर रोज ऐकत असतात. म्हणून आज तुकोबांच्या धंद्याबद्दलच लिहिते.

देहूला बोल्होबांचं घर खातंपितं. दुकान, सावकारी, शेती आणि पेठेची महाजनकी. थोरले सावजी पहिल्यापासून विरक्त, त्यांनी कारभार नाकारला, तो आला तुकोबांकडे. वय अवघं १३. काही वर्षं त्यांनी तो नेटाने चालवला. मग आई-वडील गेले, वहिनी गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि १६२९-३० चा तो भयंकर दुष्काळ आला. गुरं मेली, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतोबाही गेला.

आता सांगा, इथे कुठले पक्के विचार कामी आले असते? पाऊसच पडला नव्हता! अपयश आलं की आपण लगेच म्हणतो, माझीच श्रद्धा कमी पडली. मला हे अजिबात पटत नाही.

पण तुकोबांच्या मनाचा त्यांच्या धंद्यावर परिणाम झालाच नाही, असंही नाही. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात एक गोष्ट आहे. दुसरी पत्नी जिजाई, पुण्याच्या गुळव्यांची लेक. तिने स्वतःच्या नावावर २०० रुपये कर्ज काढून दिलं. तुकोबांनी मीठ नेऊन विकलं आणि त्याचे २५० झाले. म्हणजे व्यवहार येत होता की! पण परतताना कर्जापायी छळ सोसणारा एक माणूस दिसला आणि सगळे पैसे त्याला देऊन तुकोबा रिकाम्या हाताने घरी. कीर्तनात इथे जिजाई कशी कडाडली ते सांगून लोक हसतात. मला नाही हसू येत. कर्ज तिच्या नावावर होतं, चूलही तिलाच पेटवायची होती.

पुढे तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला. दोघं इंद्रायणीकाठी आले आणि तुकोबांनी घरातली खतपत्रं, म्हणजे लोकांनी लिहून दिलेले कर्जरोखे, मागवून घेतले.

थोडं थांबून त्या कागदांचा विचार करा. दुष्काळात दिवाळं निघालेल्या सावकाराकडे उरतं काय? तेच कागद. चार पावसाळे बरे गेले की वसुली सुरू करता आली असती, धंदा पुन्हा उभा राहिला असता. पण त्या कागदांवर नावं कुणाची? ज्यांच्या घरात तसाच दुष्काळ शिरला होता, त्यांची. तुकोबांना ते येणं आता आपलं वाटेना. तुकोबा तेच, कागदही तेच. फक्त आपलं काय नि दुसऱ्याचं काय, हा हिशेब मनात बदलला होता.

सगळे कागद नदीत सोडायचे, असं त्यांच्या मनात होतं. कान्होबाने अडवलं. तुम्ही साधू झालात दादा, मला बायका-मुलं पोसायची आहेत, असा त्याचा सूर. आणि तुकोबांनी त्याला उपदेश केला नाही. कमी भक्तीचा ठरवलं नाही. कागदांचे दोन भाग केले, एक त्याच्या हातात दिला.

चित्रांत, सिनेमात आपण कागद बुडताना बघतो. तो दुसरा गठ्ठा सहसा दिसत नाही. मला मात्र आज सारखा तोच दिसतोय. श्रद्धा तुकोबांची होती, म्हणून बुडाला तो फक्त त्यांचा वाटा. भावाचा वाटा भावाने घरी नेला. त्या घरात वसुली चालू राहिली असेल, आणि तुकोबांनी त्यावरून भावाशी नातं तोडलं नाही.

जिजाईला मात्र त्या दिवशी नदीकाठी कुणी विचारलं होतं का, हे कुठल्याच कथेत येत नाही.