आकाश सगळ्यांचं करणारे फ्लामारियों

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला विज्ञान आलं ते इंग्रजीतूनच. घरी कुणी ग्रहणाबद्दल विचारलं, तर माहीत असूनही सोपे शब्द पटकन सुचत नाहीत. म्हणूनच कामीय फ्लामारियों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांबद्दल मला विशेष आदर वाटतो.

त्यांचा जन्म १८४२ चा. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब पॅरिसला आलं आणि कोवळ्या वयात ते चित्रांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागले. दिवसा काम, रात्री अभ्यास! विश्वाच्या उत्पत्तीवर त्यांनी एक जाडजूड हस्तलिखितही लिहिलं. आजारपणात तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या ते नजरेस पडलं आणि १८५८ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांना पॅरिस वेधशाळेत नोकरी मिळाली.

तिथले संचालक ल व्हेरिए म्हणजे बडी असामी. नुसत्या गणिताने नेपच्यूनची जागा सांगणारे! फ्लामारियोंच्या वाट्याला आली आकडेमोड. त्यांना मात्र आकड्यांमागचं आकाश लोकांना दाखवायचं होतं. १८६२ मध्ये परग्रहांवरच्या जीवसृष्टीबद्दलचं त्यांचं पुस्तक आलं, गाजलं. आणि त्याच वर्षी वेधशाळेतली नोकरी सुटली.

ते लिहीत राहिले. १८८० मध्ये सर्वसामान्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या खगोलशास्त्राच्या ग्रंथाच्या लाखावर प्रती खपल्या. गंमत म्हणजे, ल व्हेरिए यांच्या नेपच्यूनच्या चंद्राला ट्रायटन हे नाव त्यांनीच त्यात सुचवलं. पुढे तेच रूढ झालं.

हा ग्रंथ आल्यावर एका चाहत्याने पॅरिसजवळच्या ज्युविझी गावातलं मोठं घर त्यांना भेट दिलं. तिथे १८८३ मध्ये त्यांनी २४ सेंटीमीटरची दुर्बीण बसवून वेधशाळा उभारली आणि १९२५ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवली. १८८७ मध्ये त्यांनी फ्रेंच खगोल संस्था काढली. तिथे हौशी माणसालाही जागा होती.

ते चुकलेही. मंगळावर कालवे आणि जीवसृष्टी असावी असं त्यांना वाटे. पण त्यांच्याच वेधशाळेत काम केलेल्या आंतोनियादी यांनी १९०९ मध्ये मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा त्या सरळ रेषा दिसल्याच नाहीत. शिकवलेल्या माणसाने आपली चूक दाखवावी, हेही वेधशाळेचं यशच नाही का?

आपले प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंड होऊन कपाटात जातात. फ्लामारियोंचं ज्ञान लोकांच्या घरात गेलं, आणि लोकांनीच त्यांना वेधशाळेसाठी घर दिलं. सबमिशननंतर एकदा तरी आपला प्रोजेक्ट मेसच्या मावशींना समजावून बघूया!