जोसेफ ब्लॅक : उष्णतेचा हिशेब मांडणारे उस्ताद

चुलीवर एका भांड्यात पाणी व तशाच दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच वजनाचे तेल ठेवले आणि जाळ सारखाच दिला, तर तेल आधी तापते, हे आपल्या घरातील माता-भगिनींना ठाऊक असते. असे का होते याचा हिशेब ज्यांनी प्रथम नीट मांडला ते शास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ ब्लॅक.

त्यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील बोर्दो या बंदरात झाला. वडील मूळचे बेलफास्टचे, व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेले. घरात मुले पुष्कळ. आईनेच त्यांना लिहावाचावयास शिकविले. बाराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांची बेलफास्टला रवानगी झाली व पुढे ते ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले. मुलाने पोटापाण्याचा एखादा व्यवसाय निवडावा असा वडिलांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी वैद्यक घेतले. तेथे विल्यम कलेन यांच्यासारखे गुरू लाभले आणि रसायनशास्त्राची गोडी लागली. वैद्यक त्यांनी सोडले नाही, पण मन मात्र प्रयोगशाळेतच रमले. १७५४ च्या एडिंबरो येथील प्रबंधातून त्यांनी आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्या वायूची ओळख जगाला करून दिली. त्या प्रबंधाचा विषय अल्कलींशी निगडित होता, आणि अल्कली हा शब्द मुळात अरबी आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

१७५६ साली ते ग्लासगोला अध्यापक झाले. त्या काळी विद्वानांची समजूत अशी की, वस्तू जितकी मोठी किंवा जितकी जड, तितकी उष्णता तिला अधिक लागणार. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तेव्हा तो सावकाश तापावयास हवा. परंतु जॉर्ज मार्टिन या स्कॉटिश वैद्याने सारख्या आकारमानाचे पाणी व पारा विस्तवासमोर ठेवले, तेव्हा पारा जवळजवळ दुप्पट वेगाने तापला. निवलाही तसाच लवकर. इतरांनी हे वाचून सोडून दिले. ब्लॅक यांनी मात्र १७६० च्या सुमारास त्यातून निष्कर्ष काढला की, उष्णता सामावून घेण्याची प्रत्येक पदार्थाची कुवत निराळी असते आणि ती आकारावरून वा वजनावरून ओळखता येत नाही. थर्मामीटर सांगतो ती उष्णतेची पातळी. उष्णता किती साठली आहे, हे तो सांगत नाही. यालाच आपल्या क्रमिक पुस्तकांत विशिष्ट उष्मा म्हणतात. सारख्या वजनाचे पाणी व लोखंड एक अंशाने तापवावयाचे, तर लोखंडाला पाण्याच्या सुमारे नवव्या हिश्शाइतकीच उष्णता पुरते. पाऱ्याला तर तिसाव्या. ज्याला थोडी उष्णता पुरते ते लवकर तापते, आणि गमवावयाचीही थोडीच असल्याने लवकर निवते. कोकणच्या किनाऱ्यावर भर दुपारी वाळूत पाय ठेववत नाही, समुद्र मात्र थंड असतो; रात्री वाळूच आधी गार पडते. त्याचे एक प्रमुख कारण हेच.

१७६१ च्या हिवाळ्यात त्यांनी दोन सारख्या काचगोलांत सारखेच पाणी घेतले. एकातले गोठविले, दुसऱ्यातले गोठणबिंदूजवळ आणले आणि दोन्ही एका मोठ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात सात फॅरनहाइट अंश तापले. बर्फाचे पाणी होऊन त्याच पातळीला येण्यास साडेदहा तास लागले! एवढी उष्णता आत गेली, पण थर्मामीटरला तिचा पत्ता नव्हता. तिला त्यांनी सुप्त उष्णता ठरविले.

त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॅट हा तरुण कारागीर होता. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात तापते व पुन्हा थंड होते, त्यात वाफ फुकट जाते, हे त्याच्या ध्यानी आले होते. थोड्याशा वाफेने इतके पाणी कसे तापते, या कोड्याचा खुलासा त्याला ब्लॅक यांच्याकडून मिळाला. प्राध्यापकांनी या कारागिराशी मैत्री जोडली, अडीअडचणीला पैसेही दिले. १७६५ साली वॅटला वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती सुचली.

१७६६ पासून ब्लॅक एडिंबरोला शिकवीत राहिले. वर्गात प्रयोग इतके सफाईने करीत की दूरदूरचे विद्यार्थी येत. पण उष्णतेवरील संशोधन त्यांनी कधी छापलेच नाही. हा संकोच बरा नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. स्वीडनमध्ये विल्के यांनी हीच वाट स्वतंत्रपणे शोधून लेख प्रसिद्ध केले आणि श्रेयाचा वाद उगाच उभा राहिला. ब्लॅक यांचे विचार पसरले ते शागीर्दांनी उतरवून घेतलेल्या वह्यांतून.

ते अविवाहित राहिले. १७९९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, बसल्या जागी शांतपणे त्यांचे निधन झाले. त्यांची व्याख्याने जॉन रॉबिसन या शिष्याने जुळवून १८०३ साली दोन खंडांत छापली.