भामिनीच्या पदराआडचा बाप

कॉलेजच्या एकांकिकेत मुलीचं काम मुलगीच करते, यात तुम्हाला विशेष काही वाटणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र घरंदाज बाईने रंगमंचावर यायची सोयच नव्हती. तेव्हा नायिका व्हायचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (जन्म १८८८).

मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी लेक गेली. प्रयोग रद्द झाला नाही. बावीस वर्षांचा हा बाप साडी नेसून, हसरी भामिनी होऊन गायला.

पुढे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त त्यांनी दारुड्याची बायको सिंधू केली, तेव्हा बायका पदराने डोळे पुसायच्या. साडी कशी नेसावी हेही त्या त्यांना बघूनच शिकायच्या.

बघा ना, बाईचं दुःख पुरुषाने रडून दाखवायचं, बाईने फक्त खाली बसून बघायचं! आणि त्या पुरुषाला स्वतःच्या लेकीसाठी रडायला त्या रात्री सवड नाही. हा किस्सा आपण त्यांच्या निष्ठेचा म्हणून सांगतो. घरी असलेली त्या लेकीची आई, लक्ष्मीबाई, त्यात क्वचितच येते.

बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. आता मुली स्टेजवर आहेत. पण रडणाऱ्या मित्राला ‘बायकांसारखा काय रडतोस’ असं अजूनही आपण म्हणतोच ना?