घटक ५ : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि लोकांच्या वाटेवरची कला

५.१ प्रास्ताविक

उत्तम चित्र किंवा शिल्प पाहायचे तर मुंबई-पुण्याला जावे लागते, अशी आपली समजूत असते. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून, नोकरी-शेती सांभाळत तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असाल, तर ही समजूत तुम्हाला अनुभवानेच पटलेली असेल. एका लहानशा, अवर्षणग्रस्त संस्थानाच्या अधिपतीने ती मान्य केली नाही. त्यांचे नाव भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कलेचा लोकजीवनाशी काय संबंध असतो, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे या घटकात आपण पाहणार आहोत.

५.२ जडणघडण

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले 'प्रतिनिधी' हे पद त्यांच्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते. बाळासाहेब मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. त्यांच्या वाट्याला आलेले संस्थान अवघ्या ७२ गावांचे होते आणि तेही सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि आजच्या कर्नाटकातील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. पाऊस कमी, त्यामुळे उत्पन्नही बेताचेच. पुढील सर्व हकीकत वाचताना हे आर्थिक वास्तव लक्षात ठेवा.

५.३ चित्र आणि शब्द

बाळासाहेब केवळ कलेचे आश्रयदाते नव्हते. ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. कीर्तनकाराला श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रसंग शब्दांनी उभा करावा लागतो, तेच काम चित्रकार रंगरेषांनी करतो. बाळासाहेबांच्या ठायी ही दोन्ही अंगे एकत्र आली होती. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेली चित्रे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. भाषाभ्यासकांना आज आदर्श वाटणाऱ्या या पाठचिकित्सेच्या प्रकल्पामागे चित्रांची आवड असलेल्या एका संस्थानिकाची प्रेरणा होती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेण्यासाठीही त्यांनी चित्रकारांना सोबत नेले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

५.४ डोंगरावरचे संग्रहालय

संस्थानिकांनी चित्रे जमविणे त्या काळी नवलाचे नव्हते. परंतु ती बहुधा राजवाड्याच्या दालनांतच राहत. बाळासाहेबांनी आपला संग्रह वाड्याबाहेर काढला. औंधच्या मूळपीठ डोंगरावर यमाई देवीचे स्थान आहे. त्या डोंगराच्या मध्यावर त्यांनी श्री भवानी चित्रसंग्रहालय आणि ग्रंथालय उभारले. ते १९३८ मध्ये खुले झाले. तेथे राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत, पहाडी लघुचित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्पही आहे.

येथे जागेच्या निवडीचा विचार करा. देवीच्या दर्शनाला निघालेला शेतकरी ज्या डोंगरावर चढतो, त्याच डोंगरावर हे संग्रहालय आहे. तुळजापूरला पायी जाणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या वाटेत असे एखादे दालन असते तर काय झाले असते, याची कल्पना केली म्हणजे बाळासाहेबांच्या निर्णयाचे मोल कळेल.

५.५ कलेकडून स्वराज्याकडे

संग्रहालय खुले झाले, त्याच सुमारास बाळासाहेबांनी आणखी मोठा निर्णय घेतला. राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचे त्यांनी ठरविले. महात्मा गांधींचा सल्ला, तसेच पुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांचे साहाय्य यांतून जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना जाहीर झाली. गावाच्या निवडून दिलेल्या पंचायतीवर तिची उभारणी झाली होती. त्या वेळी लोहारा परिसर निजामाच्या राजवटीखाली होता. आपल्या आजोबा-पणजोबांना तसा अधिकार मिळण्यास सप्टेंबर १९४८ नंतरचा काळ उजाडावा लागला.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळातली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे तिची प्रेरणा होती आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची होती. ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू याच संस्थानातले. 'बनगरवाडी' कादंबरीतील परिसर औंध संस्थानातला आहे, हे लक्षात घेऊन ती पुन्हा वाचा.

५.६ मूल्यमापन

दुष्काळी मुलखात चित्रांवर पैसा खर्च करणे योग्य होते काय, हा आक्षेप गंभीर आहे. तो टाळून चालणार नाही. मात्र याच राजाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिले आणि अखेरीस सत्ताही सोडली. पोट, कला आणि अधिकार यांची त्यांनी क्रमवारी लावली नाही. सामान्य माणसाला या तिन्ही गोष्टींची गरज आहे, असे त्यांच्या कृतीतून दिसते. तरीही हे सारे एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होते, ही त्याची मर्यादाही मान्य करावी लागते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये बाळासाहेबांचे निधन झाले. औंधची ती घटना आता इतिहासजमा झाली आहे. संग्रहालय मात्र राज्य शासनाच्या व्यवस्थेखाली आजही लोकांसाठी उघडे आहे. राजाच्या खाजगी संग्रहाचा असा सार्वजनिक ठेवा झाला.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संग्रहालयाच्या जागेच्या निवडीतून बाळासाहेबांची कलाविषयक भूमिका कशी स्पष्ट होते?
२. 'दुष्काळी संस्थानात कलेवरील खर्च समर्थनीय होता' या विधानाच्या दोन्ही बाजू मांडा.
३. तुमच्या गावातील मंदिर, वेस, बारव किंवा चौकातील एखादे शिल्प पाहून त्याचे वर्णन १५० शब्दांत लिहा. ते कोणी घडविले आणि आज त्याची निगा कोण राखते, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.