डॉ. केरी यांचे धंदे व त्यांचे पाचारण

हातचे काम सोडून दुसरे धरावे की नाही, या विवंचनेत तुम्ही असाल, तर १८०१ सालच्या कलकत्त्याकडे क्षणभर दृष्टी वळवा. तेथील फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्यासाठी विल्यम केरी यांना पाचारण आले होते. वेतन दरमहा पाचशे रुपये! परंतु ज्या कंपनी सरकारने मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा दिला नाही, आणि ज्यामुळे केरींना डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालच्या) जावे लागले, त्याचीच ही चाकरी होती.

केरींनी याआधी काय काय केले होते ते पाहा. १७६१ साली इंग्लंडात विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी शेतात राबू लागले, पण उन्हाने त्वचेचा विकार जडला. म्हणून जोडे शिवण्याच्या कामी उमेदवार राहिले. पुढे मोल्टन येथे ते शाळामास्तर व पाळक झाले, तरी तुटपुंज्या मानधनामुळे आरी सुटली नाही. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी स्वतः केलेला जगाचा नकाशा लावलेला असे.

१७९३ च्या नोव्हेंबरात ते कलकत्त्यास उतरले आणि थोड्याच दिवसांत पैसा संपला. १७९४ साली माळद्याकडील मदनावती येथे नीळ-कारखान्याची व्यवस्था त्यांनी दोनशे रुपयांवर पत्करली. मिशनरी व्यापारी होतो की काय, असे स्वदेशातील मंडळास भय वाटले. केरींच्या मनाला ते लागले. कारण मिळकतीतून ते पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा खर्च चालवीत होते. शिवाय कुळांची बोली त्यांना तेथेच अवगत झाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला. पत्नी डोरोथी यांचे मन कायमचे बिघडले. १८०७ साली त्या निवर्तल्या. हे दुःख गाळून केरींचे गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही.

कॉलेजच्या जागेविषयी केरींनी मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला. शास्त्राचे काम अडणार नाही, अशी खात्री पटल्यावरच होकार दिला. पगारातून घरखर्चापुरते ठेवून बाकी सारे ते मिशनच्या सामाईक निधीत घालीत. पुढे संस्कृत व आपली मराठीही त्यांच्याकडे आली. पंडित वैजनाथ यांच्या साह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली शब्दकोश निघाला. १८११ साली मराठी नवा करार छापला गेला. १८२६ साली मुंबईस अमेरिकन मिशनने नवे भाषांतर काढले, हे खरे. पण पहिली नांगरट श्रीरामपूरची.

एका मेजवानीत कोणा अधिकाऱ्याने, केरी पूर्वी जोडे करीत ना, असे टोचून विचारले, अशी आख्यायिका आहे. आपण जोडे करणारे नव्हे, केवळ फाटके जोडे सांधणारे होतो, असे केरींनी शांतपणे सांगितले म्हणतात.

१८३४ च्या ९ जूनला श्रीरामपूर येथे ते प्रभूमध्ये निजले. तेथे त्यांनी मोठी बाग लावली होती. १८२० साली कलकत्त्यास कृषी व उद्यान संस्थाही स्थापिली होती. उन्हामुळे बालपणी सुटलेले मातीचे काम त्यांनी बंगालच्या उन्हात म्हातारपणापर्यंत केले.