आयडा बी. वेल्स : पुराव्याची पत्रकारिता

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. कायद्याने मुक्त झालेल्या त्या समाजाच्या वाट्याला प्रत्यक्षात कोणते स्वातंत्र्य आले, हा प्रश्न मात्र त्यानंतरच्या काळात अधिकाधिक बिकट होत गेला. त्याचे उत्तर ज्या मोजक्या पत्रकारांनी पुराव्यानिशी नोंदवून ठेवले, त्यांत आयडा बी. वेल्स यांचे स्थान अग्रभागी आहे.

वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. वडील सुतारकाम करीत. मुक्ततेनंतर त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील आणि तान्हा भाऊ दगावले. धाकट्या भावंडांचा भार सोळा वर्षांच्या आयडावर पडला आणि तो पेलण्यासाठी तिने शिक्षिकेची नोकरी पत्करली.

पुढे त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी आल्या. तिकीट काढूनही रेल्वेच्या स्त्रियांसाठी राखीव डब्यातून त्यांना बळाने उतरवण्यात आले, तेव्हा त्यांनी कंपनीवर दावा लावला. १८८४ साली ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली. परंतु १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचे दार बंद झाले, तरी लेखणीचा मार्ग खुला होता. ‘आयोला’ या टोपणनावाने कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांतून त्या लिहीत होत्याच. १८८९ साली मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या त्या भागीदार व संपादक झाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर केलेल्या टीकेपायी १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली.

त्यांच्या लेखनाला निर्णायक वळण दिले ते ९ मार्च १८९२ च्या घटनेने. टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्यूअर्ट हे तिघे कृष्णवर्णीयांच्या एका किराणा दुकानाशी संबंधित होते. शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला त्या दुकानामुळे झळ पोहोचत होती. तंटा वाढला, तिघांना अटक झाली आणि जमावाने त्यांना तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. मॉस हे वेल्स यांचे जिवलग स्नेही होते. अशा झुंडहत्यांमागे गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचाराचा संताप असतो, हा प्रचलित समज तोवर वेल्स यांनीही काही अंशी मानला होता. येथे मात्र तसा आरोपसुद्धा नव्हता. व्यापारातील स्पर्धा हेच कारण होते. ज्या शहरात जीविताची हमी नाही ते सोडून जावे, असे आवाहन त्यांनी केले. हजारो लोक पश्चिमेकडे निघून गेले, उरलेल्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. उत्पन्न घटलेल्या ट्राम कंपनीचे अधिकारी अखेर ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत मनधरणीसाठी आले.

यानंतर वेल्स यांनी अशा हत्यांची प्रकरणे तपासण्यास आरंभ केला. मे १८९२ मधील एका अग्रलेखात त्यांनी अत्याचाराच्या सबबीतील खोटेपणा उघड केला आणि अनेक प्रकरणांच्या मुळाशी परस्परसंमतीचे संबंध असल्याचे सुचवले. त्या परगावी असताना जमावाने छापखाना उद्ध्वस्त केला व परतल्यास ठार मारण्याची धमकी दिली.

न्यूयॉर्कमध्ये टी. टॉमस फॉर्च्यून यांच्या ‘न्यूयॉर्क एज’ या पत्राने त्यांना आश्रय दिला. तेथील लेखनातूनच ‘सदर्न हॉरर्स’ (१८९२) ही पुस्तिका सिद्ध झाली. ‘रेड रेकॉर्ड’मध्ये (१८९५) त्यांची पद्धती पूर्णत्वास गेलेली दिसते. बळीचे नाव, तारीख, ठिकाण आणि लावलेला आरोप अशी कोष्टकवजा मांडणी तेथे आढळते. आकडेवारी ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या दैनिकातून घेतलेली आहे. त्यामुळे अतिशयोक्तीचा आक्षेप घेणाऱ्यांना आपल्याच वृत्तपत्रांना खोटे ठरवावे लागले असते. ‘सदर्न हॉरर्स’मध्येच त्यांनी दाखवून दिले होते, की आठ वर्षांतील ७२८ बळींपैकी सुमारे एकतृतीयांशांवरच बलात्काराचा नुसता आरोप होता. आक्रोशाला सहज वाव असताना स्वीकारलेला हा संयम त्यांच्या गद्याचा विशेष होय. त्यांची नोंदच युक्तिवादाचे काम करते.

१८९३ व १८९४ साली त्यांनी ब्रिटनमध्ये व्याख्यानदौरे केले. पहिल्या दौऱ्याचे निमंत्रण देणाऱ्यांत कॅथरिन इम्पी होत्या. त्यांच्या वर्णभेदविरोधी मासिकाचे नाव ‘अँटी-कास्ट’ असे होते. वर्णभेदाला जातिभेदाची संज्ञा लावणारे हे नाव मराठी अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटावे.

१८९५ साली शिकागोतील वकील व पत्रकार फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चार मुलांचा संसार सांभाळून त्यांनी शोधकार्य चालू ठेवले. १९०९ साली इलिनॉय राज्यातील कैरो येथील झुंडहत्येनंतर पदच्युत झालेला शेरीफ पुन्हा नेमणूक मागत होता. वेल्स यांनी स्वतः तपास करून गव्हर्नरपुढे बाजू मांडली व ती मागणी फेटाळली गेली. आर्कान्सातील एलेन येथील १९१९ च्या हत्याकांडानंतर फाशीची शिक्षा झालेल्या बारा कृष्णवर्णीयांना त्या नातेवाईक असल्याची बतावणी करून तुरुंगात भेटल्या. त्यांच्या हकिगती, पिकांचे व मालमत्तेचे नुकसान त्यांनी पुस्तिकेत नोंदवले. पुढे त्या बाराही जणांची फाशी टळली.

स्वकीयांकडूनही त्यांची उपेक्षा झाली. कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी १९०९ साली आकारास आलेल्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या समितीच्या यादीतून त्यांचे नाव वगळले गेले व नंतर ते घालण्यात आले. तडजोड न मानणारा स्वभाव याला अंशतः कारण असेल, परंतु स्त्रीने नेतृत्व करावे हेही अनेकांना रुचत नव्हते.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र अपुरेच राहिले. कन्या अल्फ्रेडा डस्टर यांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९७० साली प्रकाशित झाला. २०२० साली त्यांना मरणोत्तर पुलित्झर विशेष सन्मान मिळाला. झुंडहत्येला गुन्हा ठरवणारा अमेरिकेचा संघीय कायदा मात्र २०२२ मध्ये, ‘सदर्न हॉरर्स’नंतर १३० वर्षांनी अस्तित्वात आला. वृत्तपत्रीय लेखनाचे आयुष्य एका दिवसाचे असते, असे मानले जाते. ज्यांच्या मृत्यूची दखल कोणत्याही न्यायालयाने घेतली नाही, त्यांची नावे वेल्स यांच्या पानांवर आजही तारखेनिशी वाचता येतात.