बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटपटू आणि राजकीय कार्यकर्ते होते. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी नाव मिळवले. तत्कालीन समाजव्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या चांभार जातीत जन्मलेले ते पहिले ख्यातनाम क्रिकेटपटू होत.

बालपण

बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. कोकणातील पालवण या मूळ गावावरून कुटुंबाला पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्करी सेवेनिमित्त पुण्यात राहत. छावणीतील अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत व विठ्ठल हे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू झाले.

पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात

पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रोलर फिरवणे ही बाळूंची पहिली नोकरी होती. पगार दरमहा ३ रुपये. सुमारे १८९२ मध्ये ते युरोपीय मंडळींच्या पूना क्लबात ४ रुपये पगारावर रुजू झाले. क्रिकेट, टेनिस आदी खेळांसाठी ब्रिटिशांनी स्थापन केलेल्या अशा संस्थांमध्ये त्या काळी भारतीयांना बहुधा नोकर म्हणूनच प्रवेश असे. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे आणि टेनिसची मैदाने आखणे ही बाळूंची कामे होती.

सभासदांच्या सरावासाठी गोलंदाजी करण्याची संधी त्यांना येथे मिळाली. त्या काळातील नामवंत फलंदाज कॅप्टन जॉन ग्रेग हे त्यांच्या गोलंदाजीवर नियमित सराव करीत. बाद केल्याबद्दल ग्रेग दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. चेंडूचा टप्पा, दिशा व फिरकी यांवरील बाळूंचे प्रभुत्व या अखंड मेहनतीतून आले. मात्र क्लबाच्या जाळीत त्यांना फलंदाजी कधीच करू दिली गेली नाही. फलंदाजी हा सभासदांचा मान समजला जाई.

हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू खेळाडू युरोपीयांशी सामने खेळू लागले, तेव्हा बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तर तेलुगू भाषक खेळाडूंनी त्यांची बाजू घेतली. अखेर त्यांची निवड झाली. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पात्रात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. सातारा येथील युरोपीयांविरुद्धच्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

मुंबई आणि इंग्लंड दौरा

१८९६ च्या प्लेगच्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले व पुढे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरीस लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतील होते.

कर्णधारपदाचा वाद

मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत बाळू हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. तरीही अनुभव व कामगिरी असूनही त्यांना कर्णधारपद नाकारले गेले. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. त्यानंतर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. कर्णधार पै मैदानाबाहेर असताना त्यांनी काही वेळ संघाचे नेतृत्वही केले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने युरोपीयांना हरवून स्पर्धा जिंकली. अशा रीतीने थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले.

राजकीय जीवन

१९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूंचा समावेश होता. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली. आंबेडकरांना बाळूंच्या खेळाविषयी पूर्वीपासून आदर होता. दलितांच्या राजकीय हक्कांच्या मार्गाबाबत मात्र दोघांत मतभेद होते.

वारसा

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. विठ्ठल पालवणकर यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले मराठी आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन' हे या बंधूंच्या कारकिर्दीचे महत्त्वाचे साधन आहे. 'लगान' (२००१) या हिंदी चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाचे पात्र बाळूंवरून सुचले असावे, असे मानले जाते.